विमानतळावर निगेटिव्ह आला, तरी गावात आठ दिवस मागे का लागता?

अमळनेरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: 'भाचा इंग्लंडला नोकरीला. डिसेंबर २०२१ मध्ये, कोविडच्या ओमायक्रॉन अवताराच्या गडबडीत तो मुंबईला उतरला. विमानतळावर आरटीपीसीआर झाली, रिपोर्ट येईपर्यंत बसवून ठेवलं, निगेटिव्ह आला म्हणून सोडलं. तरी घरी आल्यावर सात दिवस खोलीत, आशाताई रोज दारात, आणि आठव्या दिवशी पुन्हा नाकात काडी. गल्लीत नको ती चर्चा झाली ती वेगळीच. पहिली टेस्ट खरी होती तर दुसरी कशाला? खोटी होती तर पहिली कशाला? आणि उद्या पुन्हा अशी साथ आली तर आम्ही काय करायचं?'

भाऊ, दोन्ही टेस्ट खऱ्या होत्या. फक्त त्यांनी दोन वेगवेगळ्या दिवसांबद्दल सांगितलं. कपाशीचं बी सोमवारी लावलं आणि मंगळवारी बांधावर उभं राहून 'काही उगवलं नाही' म्हटलं, तर ते खोटं नसतं. पण त्यावरून बी वांझ आहे असं कोणी शेतकरी म्हणत नाही. विषाणूचंही तसंच. शरीरात शिरल्यावर नाका-घशात सापडण्याइतका वाढायला त्याला दिवस लागतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात हे आकड्यात मांडलं होतं. लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी आरटीपीसीआर केली तर ती शंभर टक्के चुकते. चौथ्या दिवशी चुकण्याची शक्यता ६७ टक्के, लक्षणं दिसतात त्या सुमारास, म्हणजे पाचव्या दिवशी, ३८ टक्के आणि आठव्या दिवशी २० टक्के. म्हणजे सगळ्यात चांगल्या दिवशीसुद्धा पाचातला एक निसटतो. हे मूळ विषाणूचं गणित. ओमायक्रॉन लवकर उगवायचा, साधारण तीन दिवसांत, पण वळण तेच.

आता भाच्याचा प्रवास बघा. लंडनहून निघायच्या आदल्या रात्री मित्रांबरोबर जेवण, मग विमानतळावरची गर्दी, मग नऊ-दहा तास विमानात. लागण यातल्या कुठल्याही ठिकाणी झाली असती, तर मुंबईला उतरताना ती पहिल्या-दुसऱ्या दिवसाची असती आणि टेस्ट निगेटिव्हच आली असती. म्हणून १ डिसेंबर २०२१ पासूनचा नियम असा होता: जोखमीच्या देशांतून आलेल्याची उतरल्यावर टेस्ट, निगेटिव्ह आला तर सात दिवस घरी, आठव्या दिवशी पुन्हा टेस्ट. पहिली टेस्ट विमानात बसण्याआधीच आजारी असलेल्याला पकडायला, दुसरी वाटेत लागण झालेल्याला पकडायला.

काडीबद्दल एक आतली गोष्ट. नमुना नीट घेतला नाही तर यंत्र कितीही भारी असो, उत्तर चुकतं. काडी नाकातून मागे घशाच्या छतापर्यंत जावी लागते. आम्हा साथींमागे फिरणाऱ्यांत गमतीने म्हणायचे, डोळ्यात पाणी आलं नाही तर काडी पोचली नाही. रोज शंभर-शंभर नमुने घेणारा तंत्रज्ञ संध्याकाळी नुसतं नाकपुडीला शिवून सोडायचा, आणि मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही. त्यात आमच्या भागात नमुना व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये बर्फाच्या पॅकवर दोन ते आठ अंशांत ठेवून प्रयोगशाळेपर्यंत न्यायचा. जानेवारीत ठीक, एप्रिल-मेमध्ये तो डबा आणि मोटारसायकल यांचं वैर असतं.

मे महिन्याचा विषय निघालाच आहे तर कपाळावर रोखून ताप मोजायच्या त्या बंदुकीबद्दलही बोलतो. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना नाक्यावर उन्हात उभ्या केलेल्या माणसाचं कपाळ तापलेलंच असणार. आणि एसी गाडीतून उतरलेल्या तापकऱ्याचं थंड. आम्ही ती बंदूक माणसाला दहा मिनिटं सावलीत बसवून मग लावायचो, तरी तिच्यावर माझा भरवसा कधी बसला नाही. ताप लपवायला एक पॅरासिटामॉल पुरते, आणि उतरायच्या तासभर आधी ती घेणारे किती असतात हे विचारू नका. २००३ च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत कॅनडाने विमानतळांवर लाखो प्रवाशांचं तापमान पाहिलं. सार्सचा एकही रुग्ण त्यात सापडला नाही.

मग सापडतो कुठे? भारतातला कोविडचा पहिला रुग्ण आठवा. वुहानला वैद्यकीय शिकणारी केरळची मुलगी, जानेवारी २०२० मध्ये परतली. उतरताना तिला काही त्रास नव्हता. घरी गेल्यावर तीन-चार दिवसांनी घसा धरला. वुहानहून येणाऱ्यांनी काय करायचं हे तिथल्या आरोग्य खात्याने आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून तिने स्वतः कळवलं, आणि ३० जानेवारीला निदान झालं. देशातला पहिला रुग्ण घरी गेलेल्या माणसावर लक्ष ठेवल्यामुळे सापडला.

महाराष्ट्रातले पहिले दोन ९ मार्चला पुण्यात. दुबईची सहल करून आलेलं जोडपं, १ मार्चला परतलेलं. दुबई तेव्हा तपासणीच्या यादीतच नव्हती. आणि पुढे कोण पॉझिटिव्ह आलं? त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी, आणि त्यांना मुंबईहून पुण्याला घेऊन आलेला टॅक्सीवाला.

या टॅक्सीवाल्यापाशी खान्देशातल्या माणसाने थांबायला हवं. मुंबई-पुणे तीन-चार तासांचं. आपल्याकडे येणारा माणूस मुंबईला उतरला की घरची गाडी किंवा भाड्याची एर्टिगा घ्यायला जाते, आणि कसारा घाट, नाशिक, मालेगाव करत धुळ्यापर्यंत सात-आठ तास काचा बंद, एसी चालू, पाच-सहा जण आत. मधे ढाब्यावर एका ताटलीत शेवभाजी. बहुतेक विमानांत हवा गाळणीतून जाते आणि दर काही मिनिटांनी बदलते; एर्टिगात ती सोय नाही. माझ्या हिशेबाने आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी सर्वात धोक्याचा टप्पा हाच होता, आणि आमच्या छापील फॉर्ममध्ये त्यासाठी एक रकाना नव्हता. मी हाताने लिहायला लावायचो: 'कोणत्या गाडीने, गाडीत कोण, चालकाचा नंबर.' चालक दुसऱ्या दिवशी लग्नाचं भाडं घेऊन कुठल्या कुठे गेलेला असतो.

आता विमानतळावरची टेस्ट कशाला, या तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर. वीस-बावीस वर्षं साथींच्या मागे फिरल्यावर मला असं वाटतं की विमानतळावर प्रवाशाकडून घ्यायची सगळ्यात मोलाची गोष्ट नाकातला नमुना नाहीच. ती आहे त्याचा खरा मुक्काम आणि उचलला जाणारा फोन. नमुना एका दिवसाचं सांगतो, पत्ता पुढच्या चौदा दिवसांचं. आणि यंत्रणा सगळ्यात जास्त फसायची ती याच ठिकाणी.

प्रवाशांची यादी आमच्यापर्यंत यायची कशी ते सांगतो. विमानतळावरच्या आरोग्य कार्यालयाकडून राज्याकडे, राज्याकडून जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याकडे, तिथून तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आशाताई. प्रत्येक पायरीवर अर्धा दिवस धरा. माणूस घरी पोचून भरीत-भाकरी खाऊन झोपलेला असायचा, तेव्हा त्याचं नाव कुठेतरी एक्सेलच्या शीटमध्ये रांगेत उभं असायचं. आणि ती शीट वरून जिल्ह्यांत वाटताना पिनकोडचे पहिले तीन आकडे पाहून वाटली की घोळ ठरलेला. ४२५ म्हणजे जळगाव असं मुंबई-पुण्यात बसलेल्याला वाटतं. पण नंदुरबार ४२५, शहादा ४२५, धुळे जिल्ह्यातलं शिरपूरही ४२५. उलट ४२४ म्हणजे धुळे म्हणावं, तर चाळीसगाव आणि पाचोरा ४२४ आणि दोन्ही जळगाव जिल्ह्यात. शहाद्याचा प्रवासी जळगावच्या यादीत आणि चाळीसगावचा धुळ्याच्या. दोन्हीकडचे लोक 'हा आमच्याकडे नाही' म्हणून शेरा मारून परत पाठवायचे. त्यात दोन दिवस जायचे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, हे कौतुकाने सांगितलं जातं; सुरतेला उतरून त्या बाजूने आलेल्या माणसाचं नाव कुठल्या राज्याने कुठे पाठवायचं हे कौतुकाचं नसतं. इंदूरला उतरून सेंधव्यावरून शिरपूरला आलेल्याचंही तेच.

त्यात पत्ता पासपोर्टवरचा. पासपोर्ट काढला तेव्हा माणूस काकाकडे राहत होता. आता घर वेगळं, सासर तिसऱ्या गावी. फोन नंबर तिकडचा, भारतात आल्यावर बंद. दुसरा नंबर एजंटचा.

माझी चूक सांगतो, कारण यात शिकण्यासारखं तिच्यातच आहे. पहिल्या वर्षी परदेशातून आलेल्या एका तरुणाचा फॉलोअप माझ्याकडे होता. नंबर लागायचा, रोज उचलला जायचा. 'कसा आहे?' विचारलं की पलीकडून आवाज यायचा, 'बरा शे, जेवन करीसन झोपेल शे.' मी सहा दिवस वहीत 'लक्षणे नाहीत' लिहिलं. त्या आठवड्यात माझ्याकडे साठ-सत्तर नावं होती आणि हा फोन एका मिनिटात संपायचा म्हणून मला तो आवडायचाही. शेवटी आरोग्यसेवक घरी गेला तेव्हा कळलं की फोन उचलत होता त्याचा मोठा भाऊ. स्वतः तो दुसऱ्याच दिवशी सासरी गेला होता, शेजारच्या तालुक्यात. भाऊ खोटं बोलत नव्हता. त्याला जे वाटत होतं ते सांगत होता. तिकडे सासऱ्याला ताप येऊन तीन दिवस झाले होते आणि गावातल्या डॉक्टरने टायफॉइड म्हणून सलाइन लावलं होतं. म्हातारा नऊ दिवस ऑक्सिजनवर राहून घरी आला. जावयाला स्वतःला शेवटपर्यंत शिंकही आली नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक, ज्याचं नाव त्याचाच आवाज. तो नसेल तर रकाना रिकामा. व्हिडिओ कॉल जमला तर उत्तम, त्यात मागची भिंत पण दिसते. दुसरं, 'कसा आहे' हा प्रश्न बंद केला, कारण त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमी 'बरा' असतं, अगदी सलाइन चालू असलं तरी. त्याऐवजी विचारायचो: सकाळपासून कुठली गोळी घेतली? रात्री खोकल्याने जाग आली का? आज फोडणीचा वास आला का? जिन्याने वर जाताना मध्ये थांबावं लागलं का? घरात आणखी कोणाचं अंग दुखतंय? आणि शेवटी, घरी कोण आलं होतं? यातला गोळीचा प्रश्न सर्वात कामाचा. 'ताप नाही' म्हणणारा माणूस 'सकाळी एक डोलो घेतली फक्त' असं सहज सांगून जातो.

आणि हे सगळं एकीकडे, आशाताई एकीकडे. पोर्टलवर दिसत नाही ते तिला दिसतं. कुणाच्या दारात चाकं असलेल्या मोठ्या बॅगा उतरल्या, कुठल्या पोराने गल्लीत परदेशी चॉकलेट वाटलं, कुणाकडे अचानक दोन लिटर दूध जास्त जायला लागलं. आमच्या एका आशाताईने यादी यायच्या दोन दिवस आधी चार प्रवासी वहीत लिहून ठेवलेले असायचे. तिच्या वहीतला आणि यादीतला फरक काढणं हेच माझं सकाळचं पहिलं काम झालं होतं.

सात दिवस खोलीत कोंडण्याबद्दलची तुमची तक्रार मला पटते, पण अर्धीच. भाचा डिसेंबरात आला, थंडी होती. हेच २०२० च्या उन्हाळ्यात घरीच राहायला सांगितलेल्यांना बघायला हवं होतं. घरात वेगळी खोली म्हणजे बहुतेकांकडे वरची पत्र्याची. दुपारी दोन वाजता त्या खोलीत माणूस राहू शकत नाही, तो खाली ओट्यावर किंवा निंबाखाली येऊन बसणारच, आणि तिथे चार जण जमणारच. पोलीस पाटलाने काठी आपटून उपयोग नव्हता. ज्यांच्याकडे जुनं, मातीच्या छताचं धाब्याचं घर होतं, किंवा शेतात झाडाखाली खोली आणि पंपाजवळ पाणी होतं, ते चौदा दिवस बिनबोभाट राहिले. नियम मोडणारे आणि पाळणारे यांच्यात बेशिस्तीपेक्षा छपराचा फरक जास्त होता.

गल्लीतल्या चर्चेवर माझ्याकडे औषध नाही. मार्च २०२० मध्ये हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली, मतदानाच्या शाईसारखी न जाणारी शाई. हेतू असा की घरी राहायला सांगितलेला माणूस ओळखू यावा. झालं असं की जर्मनीहून आलेल्या चौघांना तो शिक्का पाहून सहप्रवाशांनी ओरडा केला आणि पालघरला गाडीतून उतरवलं. ते सुरतेच्या गाडीत बसलेच कसे हा प्रश्न रास्त होता. पण त्या बातमीनंतर आमच्याकडे येणारे लोक फुल बाह्यांचे शर्ट घालून यायला लागले. लपवणं सुरू झालं की आमचं काम दुप्पट. आरोग्याची गाडी दारात उभी करू नका, कोपऱ्यावर लावा, असं मी चालकाला सांगायचो ते याचसाठी.

नियम कायमचे नव्हते, हेही लक्षात घ्या. १४ फेब्रुवारी २०२२ पासून सात दिवसांचं घरबंद आणि आठव्या दिवसाची टेस्ट दोन्ही गेलं, चौदा दिवस स्वतःवर लक्ष ठेवा एवढंच उरलं. तोपर्यंत ओमायक्रॉन गावोगावी पसरला होता. बाहेरून येणाऱ्याला अडवून उपयोग संपला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये परदेशातून येणाऱ्यांनी आपली माहिती भरायचं एअर सुविधा पोर्टल बंद झालं. मग चीनमध्ये लाट आल्यावर २४ डिसेंबर २०२२ पासून दर विमानातल्या दोन टक्के प्रवाशांचे नमुने घ्यायला लागले. दोनशे जणांच्या विमानातले चार. लोक म्हणायचे, बाकीचे १९६ सोडून चार पकडून काय होणार? त्यांना पकडायचं नव्हतंच. नमुना देऊन माणूस लगेच घरी जायचा. पॉझिटिव्ह निघालेला नमुना जनुकीय तपासणीला जायचा, म्हणजे विषाणूचा कुठला नवा अवतार आत येतोय ते कळावं. घरात शिरणारा पाहुणा अडवणं वेगळं आणि दारातल्या चपला पाहून कोण आलंय हे ओळखणं वेगळं. जुलै २०२३ मध्ये तेही थांबवलं.

उद्यासाठी. पुढची साथ कोविडसारखीच असेल असं धरू नका. किती दिवस लक्ष ठेवायचं हे आजारावर ठरतं. एमपॉक्सला (मंकीपॉक्सला) एकवीस दिवस. पिवळ्या तापाची लस न घेता त्या पट्ट्यातल्या देशातून आलेल्याला आजही सहा दिवस अडवून ठेवता येतं, आणि लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासूनच चालतं. आफ्रिकेत कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांचं नेमकं इथे अडतं, तिकीट आधी आणि लस नंतर. उमराहून आलेल्याला खोकला-ताप आला तर डॉक्टरला 'सौदीहून आलोय' हे पहिलं वाक्य सांगायचं, उंटाजवळ गेला असेल तर तेही, कारण तिकडे मर्स नावाचा आजार आहे आणि इथला डॉक्टर आपणहून तो विचारणार नाही.

घरच्यांनी करायचं ते थोडं आहे. भाच्याला विमानात बसण्याआधीच सांगा की फॉर्मवर पासपोर्टचा नको, जिथे खरंच राहणार तो पत्ता, तालुका आणि जिल्हा लिहून, आणि भारतात चालू असलेला नंबर दे, तुझा नसेल तर घरात ज्याच्या हातात फोन असतो त्याचा. घ्यायला एकच जण आणि चालक जाऊ द्या; पोरंटोरं, आजी, मावशी घरीच. गाडीच्या काचा थोड्या उघड्या, सगळ्यांना मास्क, ढाब्यावर बाहेर खाटेवर बसा. उतरल्याचा दिवस शून्य धरून दिवस मोजा. तेव्हा बरेच जण तिकडून निघाल्याचा दिवस पहिला धरायचे आणि आठव्या दिवसाची टेस्ट सहाव्याला व्हायची. पहिला आठवडा घरातल्या साठीच्या पुढच्यांबरोबर एका खोलीत जेवण नको. पाचव्या-सहाव्या दिवशी घसा खवखवला तर 'विमानतळावर निगेटिव्ह होतो' हे विसरा आणि नव्याने टेस्ट करा. अँटीजेन किट निगेटिव्ह आलं आणि लक्षणं आहेत, तर आरटीपीसीआर. २०२० मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं किट दोन ठिकाणी तपासलं तेव्हा खऱ्या रुग्णांपैकी एका ठिकाणी जेमतेम निम्मे आणि दुसरीकडे ८४ टक्के ओळखू शकलं होतं. उलट, महिनाभरापूर्वी आजारी पडून बरा झालेला माणूस आरटीपीसीआरमध्ये पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका. विषाणूचे मेलेले तुकडे आठवडेच्या आठवडे नाकात सापडतात. जुना रिपोर्ट जवळ ठेवा, डॉक्टरला दाखवा.

आणि आशाताई दारात आल्या तर भाच्यालाच बाहेर ओट्यापर्यंत येऊ द्या, हाताभर लांबून बोलू द्या. आतून 'बरा आहे' म्हणून ओरडू नका. त्यांच्या थर्मामीटरचे सेल चालू आहेत का तेवढं विचारा. आमच्याकडे बऱ्याचदा नसायचे.